भिंतीतले बिऱ्हाड

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात, हाताशी असलेले उत्तम टाकून हीनालाच कवटाळणाऱ्या मनुष्याचे चित्र रेखाटताना, दुधाने भरलेल्या कासेला चिकटूनही रक्तच शोषणाऱ्या गोचिडाचा दृष्टांत येतो. आणि १२९० सालच्या श्रोत्यांना तो उलगडून सांगावा लागला नाही, याचे कारण गाईगुरांच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला हा जीव घरच्या माणसाइतकाच परिचयाचा होता. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील आजचा रहिवासी मात्र अशा समजुतीत असतो की गोठा सुटला तेव्हाच गोचीडही सुटला. गोठ्याच्या जागी चाळ आली, चाळ पाडून तेथे सात मजल्यांची इमारत उभी राहिली, कल्याणच्या बैलबाजारात बैल उरले नाहीत, नाव तेवढे वस्तीला चिकटून राहिले. परंतु या साऱ्या स्थित्यंतरातून गोचीड आपल्याबरोबर निमूटपणे चालत आला आहे, फक्त त्याची जात बदलली आहे. गाईम्हशींच्या अंगावरचा निळसर गोचीड मागे गोठ्यात राहिला आणि त्याच्या जागी कुत्र्याचा तपकिरी गोचीड आमच्या दारात, जिन्यात आणि भिंतीत राहावयास आला. या प्रकरणात त्याच्याविषयी आणि त्याच्या पोटातून प्रवास करणाऱ्या सूक्ष्म जंतूंविषयी लिहावयाचे आहे.

गोचीड हा कीटक नव्हे. कोळी आणि विंचू यांच्या कुळातला हा जीव असून प्रौढावस्थेत त्यास आठ पाय असतात. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलास मात्र सहाच पाय असतात, आणि पुढे कात टाकल्यावर ते आठ होतात. काही वर्षांपूर्वी डोंबिवलीतील एका जुन्या चाळीत, शेजारच्या घरच्या मोत्या नावाच्या कुत्र्याच्या कानातून चिमट्याने काढलेली एक टम्म फुगलेली मादी मी कापसाचे बूच लावलेल्या काचेच्या कुपीत ठेवली होती. रंगाने ती शिसवी-करडी, आकाराने थेट एरंडाच्या बीसारखी. हे साम्य रोमन लोकांनाही जाणवले होते; लॅटिन भाषेत गोचिडाला जो शब्द आहे, तोच ‘रिसिनस’ हा शब्द एरंडाच्या झाडाचेही शास्त्रीय नाव होऊन बसला आहे. पहिले काही दिवस ती कुपीच्या तळाशी निश्चल पडून होती. नंतर एके सकाळी तिच्या तोंडापुढे खसखशीहून बारीक अशा तपकिरी, चकचकीत अंड्यांचा लहानसा ढीग दिसला, आणि भिंगातून पाहताना असे आढळले की बाहेर येणारे प्रत्येक अंडे ती डोक्यापाशी असलेल्या एका पिशवीसारख्या अवयवाने पुसल्यासारखे करून मग ढिगात ढकलते. त्या अवयवातून अंड्यावर मेणाचा लेप बसतो आणि त्या लेपामुळेच अंडे कोरड्या हवेत सुकून जात नाही. हा उद्योग दोन आठवड्यांहून अधिक चालला. ढीग वाढत गेला, मादी आक्रसत गेली, आणि अखेरीस सुरकुतलेल्या पिशवीसारखी ती त्या ढिगाशेजारीच मरून पडली. या जातीची एक मादी चार हजारांपर्यंत अंडी घालते, असे ग्रंथात वाचणे वेगळे आणि तो ढीग डोळ्यांनी पाहणे वेगळे. सुमारे तीन आठवड्यांनी कुपीच्या काचेवर सहा पायांचे असंख्य ठिपके वरच्या दिशेने चढू लागले, तेव्हा मी ती कुपी उकळत्या पाण्यात टाकली.

ते ठिपके वर चढत होते, ही गोष्ट वाचकाने विशेष ध्यानात ठेवावी. कुत्र्याचा गोचीड आयुष्यात तीन वेळा रक्त पितो: एकदा सहा पायांचे पिलू असताना, एकदा आठ पायांच्या मधल्या अवस्थेत आणि एकदा प्रौढ झाल्यावर. दरवेळी पोट भरले की तो कुत्र्याच्या अंगावरून खाली पडतो आणि कात टाकण्यासाठी किंवा अंडी घालण्यासाठी निवांत जागा शोधीत भिंतीने वर चढतो. गिलाव्याच्या भेगा, दाराच्या चौकटीमागची फट, विजेच्या बटणांच्या पेटीची मागली बाजू, देवांच्या तसबिरींच्या पाठी, छताचा कोपरा ही त्याची आवडती स्थाने होत. कोणत्याही क्षणी कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते गोचीड थोडे, बहुतांश बिऱ्हाड भिंतीत असते. शिवाय या प्राण्याची उपास सोसण्याची शक्ती अशी की प्रौढ गोचीड अन्नावाचून वर्षभराहूनही अधिक काळ तग धरू शकतो. म्हणून कुत्रा घरातून गेल्यावर कुलूप लावून ठेवलेली जागा पुढल्या वर्षी नव्या भाडेकरूने उघडावी आणि चार दिवसांत त्याच्या भिंतींवर गोचीड फिरताना दिसावेत, असे घडते. कुत्र्याला औषधी साबणाने न्हाऊ घालून निश्चिंत होणारा मालक वस्तुतः पाहुण्यांना हाकलतो आणि यजमानाला घरातच ठेवतो.

मोत्याचे काय झाले ते सांगतो. प्रथम त्याने भाकरी सोडली, मग तो दिवसभर मोरीच्या गार फरशीवर पडून राहू लागला, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी त्याच्या एका नाकपुडीतून रक्ताची धार लागली. पशुवैद्यांनी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. त्या गुलाबी असावयाच्या, त्या कागदासारख्या पांढुरक्या झाल्या होत्या आणि त्यांवर मोहरीएवढे लाल ठिपके होते. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा बऱ्याच शोधानंतर एका मोठ्या पांढऱ्या पेशीच्या आत जांभळ्या कणांचा एक गुच्छ दिसला. तुतीच्या फळासारख्या दिसणाऱ्या या गुच्छाला शास्त्रज्ञांनी तुतीच्याच लॅटिन नावावरून ‘मोरुला’ म्हटले आहे. हा एर्लिकिया कॅनिस नावाच्या जिवाणूंचा समूह होय. जंतूंना मारण्यासाठी शरीराने ज्या पेशी पाळल्या, त्या पेशींच्याच पोटात तो वस्ती करतो, वाढतो आणि तेथून प्लीहा व अस्थिमज्जा गाठतो. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट या रोगात झपाट्याने कमी होतात. नाकातले रक्त थांबत नाही ते त्यामुळे.

हा जंतू प्रथम १९३५ साली अल्जीरियातील पाश्चर संस्थेत दोनातियॅं आणि लेस्तोकार या दोन फ्रेंच संशोधकांनी गोचिडांनी ग्रासलेल्या कुत्र्यांत पाहिला. पुढे १९४५ साली पाउल एर्लिक या थोर जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ त्यास आजचे नाव मिळाले. तथापि जगाचे लक्ष त्याकडे वेधले गेले ते व्हिएतनामच्या युद्धात. अमेरिकी सैन्याबरोबर गेलेली जर्मन शेफर्ड जातीची शिकवलेली कुत्री १९६८ नंतरच्या काळात नाकातून रक्त वाहून मोठ्या संख्येने मेली, आणि सैन्याच्या पशुवैद्यांनी शोध घेता या मृत्यूंच्या मुळाशी हाच जंतू आणि हाच तपकिरी गोचीड सापडला. आपल्याकडे त्याचा प्रसार किती आहे, हे पाहण्यासाठी मुंबई, दिल्ली, लडाख आणि सिक्कीम या चार ठिकाणच्या ५२५ भटक्या व आश्रयगृहातील कुत्र्यांचे रक्त तपासण्यात आले होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत सुमारे एक पंचमांश कुत्र्यांत एर्लिकियाचा मागमूस लागला.

रोगाची गती कपटी आहे. गोचीड चावल्यापासून एक ते तीन आठवड्यांत ताप येतो. तो कधी औषधाने, कधी आपोआप उतरतो आणि कुत्रा बरा झाला असे वाटते. वास्तविक जंतू प्लीहेत दबा धरून बसलेला असतो. महिनोन्महिने, क्वचित वर्षानुवर्षे, कुत्रा खातो, खेळतो, शेपटी हलवतो. मग एक दिवस अस्थिमज्जाच थकते आणि त्या अवस्थेतून परत फिरणारे कुत्रे थोडेच. यावरचा इलाज डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध. ते सामान्यतः २८ दिवस द्यावयाचे असते. दोन दिवसांत कुत्रा उठून उभा राहतो, आणि नेमकी तीच गोष्ट घातक ठरते, कारण उरलेल्या सव्वीस दिवसांच्या गोळ्या पुष्कळ घरांत फळीवरच राहतात. या रोगाची लस नाही, आणि एकदा होऊन गेला म्हणून तो पुन्हा होत नाही असेही नाही.

येथे एका शब्दाविषयी तक्रार नोंदवली पाहिजे. आपल्याकडे पाळीव कुत्र्यांच्या मालकांत ‘टिक फीवर’ हा शब्द सर्रास चालतो आणि त्या एकाच गाठोड्यात निरनिराळे रोग बांधले जातात. गोचीड बबेसिया नावाचा परजीवीही कुत्र्याच्या रक्तात सोडतो. त्याची एक जात १९१० साली पॅटन यांनी मद्रासच्या शिकारी कुत्र्यांतच प्रथम वर्णिली. तो जिवाणू नसून लाल पेशींत शिरणारा आदिजीव आहे, आणि एर्लिकियावरच्या गोळ्यांनी त्याचा रोग बरा होत नाही. शेजाऱ्याच्या कुत्र्याची चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात जाणाऱ्यांनी हा भेद ओळखला पाहिजे. रक्त तपासल्यावाचून दिलेले औषध या बाबतीत अंधारात मारलेला दगड आहे.

मोत्यावर उपचार सुरू झाले त्या दिवशी पशुवैद्यांनी जाता जाता विचारले होते, “काकू, घरात कुणाला ताप वगैरे?” काकू म्हणाल्या, “नाही हो डॉक्टर, ताप फक्त मोत्यालाच.” तो प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. कुत्र्याच्या वैद्याने माणसांच्या तापाची चौकशी केली. पण माणसांच्या दवाखान्यात, पावसाळ्याच्या दिवसांत तापाने फणफणलेल्या रोग्याला, घरी कुत्रे आहे काय आणि त्याला गोचीड आहेत काय, असे विचारलेले मी आजवर ऐकले नाही. मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड, आणि साचलेल्या पाण्यातून चालून आला असेल तर लेप्टो, या चौघांची चौकशी होते, चारही तपासण्या नकारार्थी येतात, आणि ताप चालूच राहतो. पाचव्याची चौकशी होत नाही.

तो पाचवा म्हणजे गोचीड-ज्वर, वैद्यकाच्या भाषेत इंडियन टिक टायफस. मोत्याचा एर्लिकिया माणसाला जडणे अत्यंत विरळ. परंतु तोच तपकिरी गोचीड रिकेट्सिया कोनोरी नावाचा दुसरा जिवाणू बाळगू शकतो, आणि तो माणसाला सोडीत नाही. कुत्रा आपला रोग माणसाला देत नाही, तो देतो गोचीड. या वर्गाच्या जंतूंना ज्याचे नाव मिळाले त्या हॉवर्ड रिकेट्स या अमेरिकी संशोधकाने १९०६ साली मोंटानाच्या दऱ्यांतील एक भयंकर ठिपक्यांचा ताप गोचिडाच्या दंशाने फैलावतो, हे गिनिपिगांवरील प्रयोगांनी सिद्ध केले; आणि चार वर्षांनी मेक्सिकोत टायफसचा शोध घेत असता त्याच रोगाने तो मरण पावला. १९१० सालीच कोनोर यांनी ट्यूनिस येथे भूमध्यसमुद्राकाठच्या तापाचे वर्णन केले, म्हणून आपल्या जंतूच्या नावात कोनोर आहेत. हिंदुस्थानात हा ताप ओळखण्याचे श्रेय मेगॉ यांचे. १९१७ साली त्यांनी कुमाऊंच्या पायथ्याकडील एका टायफससदृश तापाची हकीकत प्रसिद्ध केली आणि पुढे त्याचा संबंध गोचिडाशी जोडला. महाराष्ट्रातही त्याचा दाखला आहे: पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील पडबिद्री आणि त्यांचे सहकारी यांनी पुणे जिल्ह्यातील गोचीडजन्य रिकेट्सिया-ज्वरांचा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध केला, तर अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ राठी यांनी, महागड्या तपासण्यांची वाट न पाहता लक्षणांच्या गुणांकावरून मुलांतील हा ताप ओळखण्याची पद्धत २०११ साली मांडली. घाटापलीकडे पुण्यात सापडलेला रोग घाट उतरून उल्हास नदीच्या काठी येत नाही, असे मानण्यास गोचिडाच्या वर्तनात कोणताही आधार नाही.

त्याची ओळख अशी. कडक ताप, असह्य डोकेदुखी, अंगदुखी. आणि तीन ते पाच दिवसांनी मनगटे व घोटे यांच्याकडून सुरू होणारे पुरळ, जे तळहात आणि तळपाय यांवरही उमटते. गोवर, डेंग्यू यांच्या पुरळाहून हे वेगळेपण डोळ्यांत भरण्याजोगे आहे; म्हणून तापकऱ्याचे तळवे उजेडात धरून पाहावेत, ही गोष्ट घरची आजीही करू शकते. दंशाच्या जागी काळी खपली भूमध्यसमुद्राकाठी बहुधा दिसते, आपल्याकडे ती क्वचितच आढळते. तेव्हा खपली नाही म्हणून रोग नाही असे मानू नये. जंतू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात वाढतो, त्यामुळे उशीर झाला तर मेंदू, मूत्रपिंडे, फुप्फुसे सापडतात, कधी बोटांची टोके काळी पडतात. विशेष हे की पेनिसिलिन आणि त्याच्या नात्यातली, इस्पितळांत शिरेतून दिली जाणारी भारी औषधे या जंतूपुढे निष्प्रभ असतात, आणि मोत्याला दिलेले तेच स्वस्त डॉक्सिसायक्लिन वेळेवर दिले तर दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. मुलांच्या दातांवर डाग पडतील या जुन्या भयाने ते टाळले जाई. या रोगात अल्प मुदतीसाठी ते मुलांनाही द्यावे, असेच आजचे वैद्यकमत आहे. रक्ताची वाइल-फेलिक्स ही १९१६ सालची तपासणी लहान गावांतही होते, पण पहिल्या आठवड्यात ती बहुधा काहीच सांगत नाही. निर्णय वैद्याच्या संशयावर घ्यावा लागतो, आणि संशय यावयाचा तर हकीकत कळली पाहिजे.

या दोन जंतूंत एक भेद आहे, आणि माझ्या मते साऱ्या विषयाचे गांभीर्य त्यात आहे. एर्लिकिया मादीच्या अंड्यांत उतरत नाही. प्रत्येक नव्या पिढीतील गोचिडाला तो आजारी कुत्र्याच्या रक्तातून नव्याने मिळवावा लागतो. रिकेट्सिया कोनोरी मात्र मातेकडून अंड्यांत उतरतो, आणि जगात येऊन एकदाही रक्त न प्यायलेले सहा पायांचे पिलू आधीच जंतूचे वाहक असू शकते. त्या कुपीच्या काचेवर चढणारे ठिपके मला आठवतात ते यासाठी.

गाईगुरांचा प्रकार निराळा, तो थोडक्यात सांगतो. त्यांचा निळसर गोचीड सारे आयुष्य एकाच जनावरावर काढतो. नर मात्र शेजारच्या जनावरावर जातो आणि ॲनाप्लाझ्मा नावाचा जिवाणू बरोबर नेतो. लाल पेशींच्या कडेला टिंबासारखा दिसणारा हा जंतू आर्नोल्ड थायलर यांनी १९१० साली दक्षिण आफ्रिकेत ओळखला. जनावराला ताप येतो, दूध आटते, डोळे व हिरड्या पिवळ्या पडतात, पण लघवी लाल होत नाही. ती लाल झाली तर रोग बबेसियाचा समजावा. ठाणे, नाशिक, अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) डोंगरपट्ट्यातील डांगी गुरे पिढ्यान्‌पिढ्या या रोगांशी झुंजून चिवट झाली आहेत. दुधासाठी आणलेली संकरित गाय पहिल्याच दंशात कोलमडते. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसोबाच्या म्हसे गावी जो मोठा गुरांचा बाजार भरतो, तेथून आणलेले जनावर दावणीला बांधण्यापूर्वी दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावे, कानामागे, कासेशी, शेपटीखाली हात फिरवून पाहावे. तबेल्यात एकाच सुईने रांगेतल्या सर्व जनावरांना टोचण्याची सवय तर ताबडतोब सोडली पाहिजे, कारण ॲनाप्लाझ्माला गोचीड नसला तरी रक्ताळलेली सुई पुरते.

घरच्या बंदोबस्ताचे म्हणाल तर भिंतीपासून सुरुवात करावी. भेगा सिमेंटने बुजवाव्यात, चौकटींच्या फटी भराव्यात, तसबिरी काढून मागे पाहावे; फवारणी करावयाची तर ती कुत्र्याच्या औषधाबरोबरच करावी आणि अंडी फुटण्याचा काळ धरून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करावी. कुत्र्याला कोणते औषध, किती, हे पशुवैद्यांनी ठरवावे. गोठ्यातले जालीम द्रव कुत्र्याला चोपडू नये, आणि घरात मांजर असेल तर दुप्पट जपावे, कारण कुत्र्याला मानवणारी काही औषधे मांजराचा जीव घेतात. एर्लिकिया दंशानंतर काही तासांतच रक्तात उतरू शकतो, तेव्हा केवळ रविवारी गोचीड वेचण्याने भागत नाही. अंगावर चिकटलेला गोचीड उदबत्तीने भाजू नये, त्यावर रॉकेल ओतू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा, आणि कोणत्याही परिस्थितीत नखांमध्ये चिरडू नये, कारण त्याच्या पोटातला जंतू बोटावरच्या बारीकशा जखमेतूनही शिरू शकतो. मग साबणाने हात धुवावेत.

आणि एक विनंती. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत कोठेही, घरातले माणूस तापाने अंथरुणाला खिळले आणि तुम्ही त्याला दवाखान्यात घेऊन गेलात, तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगा की आमच्या घरी कुत्रे आहे आणि त्याच्या अंगावरून, किंवा आमच्या भिंतीवरून, गेल्या पंधरा दिवसांत गोचीड निघाले आहेत.